न दुखणारी मान

डॉक्टरांनी माझं डोकं उजवीकडं कलतं केलं, टाळूवर दोन्ही तळवे ठेवले आणि हळूच खाली दाबलं. मी ओरडलेच. मानेतून निघालेली कळ खांद्यावरून, दंडावरून थेट अंगठ्यापर्यंत गेली, शिरेत मिरचीचं पाणी सोडावं तशी.

"अंगठ्यात जाते? का करंगळीत?"

"अंगठ्यात. आनी ह्या शेजारच्या बोटात."

"बरं." त्यांनी एक हात हनुवटीखाली घातला, दुसरा मानेमागं, आणि माझं डोकं अलगद वर ओढून धरलं. कळ विझत गेली. "आता?"

"आता लई बरं वाटतंय. असंच धरून ठिवा."

माझ्यामागं भिंतीला टेकून उभी असलेली अक्का हसली. "डाक्तरांनी काय जलमभर तुझं टकुरं धरून बसायचं व्हय?"

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सगुणा. पाटणच्या वर डोंगरात आमची वाडी. गवताचे भारे, जळण, शेणखताच्या पाट्या, पाणी, सगळं डोक्यावरून. अक्का आणि मी बारा वर्षं जोडीनं ओझी वाहत होतो. ती माझ्या डोक्यावर भारा चढवायची, मग मी तिच्या. लग्न होऊन आले तेव्हा मी तिला अहो-जाहो करत होते. तीच एकदा म्हणाली, "भारा उचलून देताना 'तुम्ही' म्हणायला दम कुठं राहतोय गं? अगं-तुगं कर." तेव्हापासून ती मला बहिणीसारखी.

माझी मान दुखायला लागली त्याला दोन महिने होऊन गेले होते. घरात कुणाला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. अक्काच मागं लागली. "हिला कराडला दाखवा. मी जाते सोबतीला," असं तिनं सासूबाईंना इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी त्यांनी कंटाळून हो म्हटलं.

"हात डोक्यावर ठेवून बसलं की बरं वाटतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी चकित होऊन अक्काकडं बघितलं. तसंच तर बसत होते मी. आणि आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, तेवढ्यावरूनच माझ्यावर खेकसायच्या, "डोक्यावर हात घिऊन बसू नगं, घरात मयत झालंय का?"

"बरं वाटतं," मी म्हटलं.

"मग बसत जा खुशाल. शीर दबलीय, त्या वेळी ती मोकळी होते." हे डॉक्टर शिरगुप्पे. वय झालेले, हळू बोलणारे. त्यांनी रबरी हातोडीनं माझे कोपर, गुडघे ठोकून बघितले. मग माझा हात हातात घेऊन मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली. "हात सैल सोडा. अजून सैल. ओल्या फडक्यासारखा."

मला जमेना. कळ येईल या भीतीनं हात आपोआप आवळला जायचा.

"तुम्ही या जरा पुढं," ते अक्काला म्हणाले. "यांना दाखवू, कसा सोडायचा ते."

अक्का आली. तिनं हात पुढं केला. डॉक्टरांनी तिच्या मधल्या बोटाला टिचकी मारली आणि तिचा अंगठा चटकन आत वळला, कुणीतरी दोरी ओढल्यासारखा.

त्यांनी पुन्हा मारली. अंगठा पुन्हा वळला. मग दुसरा हात. तिथंही तेच.

"गुदगुल्या व्हत्यात," अक्का म्हणाली. पण हसली नाही.

डॉक्टरांनी मला स्टुलावरून उठवलं आणि तिला बसवलं. "दोन्ही हात पुढं करा. बोटं एकमेकांना जुळवा. तशीच धरून ठेवा."

तिनं धरली. बघता बघता दोन्ही करंगळ्या बाजूला सरकल्या. कळपातून शेळी फुटावी तशा. "जवळ घ्या," ते म्हणाले. तिनं घेतल्या. त्या पुन्हा सरकल्या.

"मुठी उघडा, मिटा. भरभर."

जी बाई विळ्यानं माझ्या दुप्पट गवत कापायची, तिला मूठ उघडायला वेळ लागत होता. बोटं चिखलात रुतल्यागत एकेक करून सुटत होती.

"आता मान पुढं वाकवा. हनुवटी छातीला लावा."

"अगं बया!"

"काय झालं?"

"पाठीतनं करंट गेला. पार पायापतूर."

"आधी कधी झालं होतं?"

अक्कानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "भांडी घासताना व्हतंय कवा कवा."

एका चुलीवर बारा वर्षं आम्ही रांधत होतो. मला हे माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी तिला फरशीच्या रेघेवरून टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. दोन पावलांत तिनं टेबल धरलं. किल्लीनं तिच्या तळपायावर खालून वर रेघ ओढली तर अंगठा खाली न वळता वर उभा राहिला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"कुठं दुखतं तुम्हाला?"

"कुठंच न्हाई. दुखायचं म्हणाल तर काय बी न्हाई बगा."

"बरोबर कुणी पुरुष माणूस आहे?"

"न्हाई. ही हाय की."

मग ते माझ्याशी बोलले. माझं दुखणं साधं होतं. एक शीर दबली होती. पट्टा, गोळ्या, दोन महिने ओझं बंद, की बरं वाटेल. अक्काच्या मानेत मात्र मणक्यांमधली पोकळी अरुंद होऊन आतली मोठी शीर, जिच्यातून सगळ्या अंगाला हुकूम जातो ती, चेपत चालली होती. पुण्याला नेऊन मोठा फोटो काढायचा, ऑपरेशन करायचं, आणि लवकर करायचं.

"तोवर हिच्या डोक्यावर काहीही ठेवायचं नाही. निसरड्यावर चालायचं नाही. एक हिसका बसला, तर हातपाय जागच्या जागी लुळे पडतील. समजलं का? आणि पडलीच, तर हात धरून ओढून उठवायचं नाही. डोकं आणि मान सरळ रेघेत धरायची आणि फळीवर सरकवून घ्यायचं."

माझ्या गळ्यात पट्टा अडकवून आम्ही बाहेर पडलो.

स्टँडवर चहा घेताना अक्काची बशी हिंदकळत होती. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ती म्हणाली, "घरात बोलायचं न्हाई, मालन. रविवारी नव्या घराचा स्लॅब हाय. स्लॅब हू दे, मग बगू."

"मी सांगणार."

"तुला माझी शपथ हाय."

"घाल शपथ. मी सांगणार."

तिनं बशी खाली ठेवली आणि उठून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसली.

घरी पोचल्या पोचल्या, पायावर पाणी घ्यायच्या आधी, मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ओसरीवर आत्याबाई होत्या, माझे मालक होते आणि दादा, म्हणजे अक्काचे मालक, होते. आत्याबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग अक्काकडं.

"पट्टा हिच्या गळ्यात, आनी दुखनाईत ती?"

"डॉक्टर म्हनले तसं, आत्याबाई."

"डॉक्टर काय, एकाबरूबर दुसरं गिऱ्हाईक."

दादांनी अक्काला विचारलं, "तुझं दुखतंय का गं काय?"

"न्हाई."

"खरं सांग."

"खरंच न्हाई."

दादांनी नव्या घराकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. दोन वर्षं दगड-वाळू गोळा करून घर छतापर्यंत आणलं होतं. मिक्सर ठरला होता, सेंट्रिंग बांधून झालं होतं, ज्यांच्या ज्यांच्या घराला आम्ही हातभार लावला होता ती माणसं रविवारी कामं सोडून येणार होती. ते म्हणाले, "सोमवारी पहाटेच्या गाडीनं मी हिला पुन्याला घिऊन जातो. रविवारी हिनं घमेल्याला हात लावायचा न्हाई. चुलीपाशी बसायचं."

यापेक्षा कुणी काय म्हणणार होतं? मलाही ते पटलं.

रविवारी उजाडता मिक्सर सुरू झाला. खाली अंगणात तो घरघरत होता आणि तिथून छतापर्यंत फळ्यांचा चढता रस्ता बांधला होता. त्यावर माणसांची रांग. काही जण घमेली हातोहात वर देत होते, बायका डोक्यावरून नेत होत्या. एकदा सुरू केलेला स्लॅब मध्ये थांबवता येत नाही. सांधा राहतो आणि पुढं जन्मभर तिथून गळतं. म्हणून गवंडी वरून सारखा ओरडत होता, "माल येऊ द्या! माल थांबवू नका!"

मला पट्ट्यामुळं बाजूला बसवलं होतं. पण दुपार कलल्यावर खालच्या आळीच्या दोन बायका लेकरांना पाजायला म्हणून घरी गेल्या आणि रांग तुटली. गवंडी शिव्या द्यायला लागला. मी बघितलं, चुलीपाशी बसलेली अक्का पदर खोचून उठत होती.

ती यायच्या आत मी पट्टा काढून खुंटीला अडकवला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि रांगेत शिरले. "बस तू खाली," मी तिला ओरडून सांगितलं. "मी हाय."

पहिली दोन-तीन घमेली कशीबशी गेली. नंतर कळ सुरू झाली. फळी थोडी चढल्यावर माझा उजवा हात सुटल्यासारखा झाला. डोक्यावरचं घमेलं कलंडायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. माझ्या तोंडून हुंदका बाहेर पडला असावा. कारण लगेच शेजारून अक्काचा आवाज आला, "दे हिकडं."

ती कधी वर आली ते मला कळलंच नाही.

"अक्का, खाली जा!"

"दे म्हंते ना. पडशील."

तिनं माझ्या डोक्यावरच्या घमेल्याला दोन्ही हात लावले. तिला ते पेलायचं होतं, पण बोटांनी धरलंच नाही. घमेलं तिच्या हातांतून निसटून दोघींच्या मध्ये आपटलं. ओला माल फळीवर पसरला, तिचा पाय त्यात सरकला आणि ती मागच्या मागं गेली. फार उंचावरून नाही. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरून. खाली वाळूचा ढीग होता. पण मान ढिगाच्या कडेवर मागं मोडल्यासारखी आपटली.

ती ओरडली नाही. डोळे उघडे होते. मी खाली उतरेपर्यंत चार-पाच माणसं धावली होती आणि एकानं तिच्या काखेत हात घातला होता.

"हात लावू नका!" मी किंचाळले. "सोडा तिला! कुनी हात लावायचा न्हाई!"

मी मध्ये पडले, त्या माणसाला ढकलून दिलं. गावातल्या मोठ्या माणसाला मी तोवर कधी मान वर करून बोलले नव्हते. वाळूत गुडघे टेकून मी अक्काचं डोकं माझ्या दोन्ही हातांत धरलं, कान माझ्या तळव्यांत घेऊन. "सेंट्रिंगची फळी आना. आनी सगळ्यांनी एकदम सरकवा. मी म्हंते तवाच."

दादा आले. ते नुसतं तिच्या पायांकडं बघत होते. पाय वाळूत कसे पडले होते तसेच होते, एक दुमडलेला, एक लांब.

वाळू आणलेला टेम्पो दारातच उभा होता. फळी त्यात ठेवली. दादा चढले तेव्हा गवंड्यानं वरून हाक मारली, "दादा, स्लॅबचं काय करू?"

दादांनी वर बघितलं. "चालू ठीव," ते म्हणाले. आणि फळीशी बसले.

कराडपर्यंतच्या त्या रस्त्यावर मी अक्काचं डोकं गुडघ्यांत आणि हातांत धरून बसले होते. उजव्या हातात आग पेटली होती. हात हलवला तर तिची मान हलेल, म्हणून हलवता येत नव्हता.

घाट उतरताना ती म्हणाली, "मालन, माझं पाय टेम्पोच्या भाईर लोंबत्यात का गं?"

"न्हाई. दादांनी धरल्यात."

"सांग त्यास्नी, घट्ट धरा."

दादांनी तिचे दोन्ही पाय आधीच छातीशी कवटाळून धरले होते. त्यांनी ते ऐकलं. नंतर कराड येईपर्यंत त्यांनी तोंड माझ्याकडं केलं नाही.

डॉक्टर शिरगुप्प्यांनी दवाखान्याच्या दारातच तिला तपासलं. मूठ मिटा म्हणाले. पायाचं बोट हलवा म्हणाले. टाचणी घेऊन पायापासून वर वर टोचत आले, आणि प्रत्येक वेळी विचारत राहिले, "कळतंय?" ती म्हणायची, "न्हाई." गळ्याच्या खाली, खांद्यांपाशी आल्यावर ती म्हणाली, "हितं कळतंय." डॉक्टरांनी टाचणी ठेवून दिली. त्यांनी लगेच पुण्याला न्यायची गाडी बोलवायला सांगितलं.

पुण्याला ऑपरेशन झालं. जीव राहिला. खांदे थोडे हलायचे, बाकी काही नाही. घरी आणली तेव्हा नवं घर राहण्याजोगं झालं होतं. पुढच्या खोलीत, दाराच्या उजेडात तिची खाट टाकली. तिला भरवणं, धुणं, कूस बदलणं माझ्याकडं आलं. दादा संध्याकाळी येऊन उशाशी बसायचे. आत्याबाई मात्र त्या खोलीत फारशा येत नसत. आल्या तरी दारातूनच काहीतरी विचारायच्या आणि जायच्या.

ती गेली त्याच्या थोडं आधीची गोष्ट. दुपारची वेळ होती. मी तिच्या हाताची नखं काढत होते. छातीत कफ भरायला लागल्यामुळं तिला दमानं बोलावं लागायचं.

"मालन, त्या दिवशी डाक्तरांनी मला सहजच पुढं बोलावलं, असं वाटतंय व्हय तुला?"

"म्हंजे?"

"ते तुझं बोट उडवून बगत व्हते ना, तवा मी मागं हुबी राहून माझंच बोट उडवून बगत व्हते. माझा अंगठा हलत व्हता. तुझा हलत नव्हता." ती थांबली, श्वास घेतला. "त्यांनी बोलावलं नसतं तर मीच हात पुढं केला असता. त्यासाठीच आल्ते मी."

मी ब्लेड खाली ठेवलं.

"थंडीपासनं चोळीची बटनं लागत नव्हती मला. भाकरी थापताना हातातनं सुटायची. तुझी मान दुखाय लागली आनी, खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हनलं, आता हिच्या निमित्तानं तरी जाता यील."

"अगं, मग बोलली का न्हाईस? मला तरी?"

"काय बोलू? दुखत असतं तर बोलले असते. दुखतच नव्हतं. ज्याचं दुखत न्हाई त्यानं दवाखान्यात न्या म्हनून कसं सांगायचं? आत्याबाईंनी काय म्हनलं असतं?"

बाहेर ओसरीवर आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. सुपाचा आवाज येत होता. तो थांबला.

अक्कानं डोळे माझ्याकडं वळवले. "तुझी मान कशी हाय आता?"

एवढ्या महिन्यांत मला ते कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. पट्टा त्या दिवशी खुंटीवर राहिला तो राहिलाच. पाणी, जळण, शेण, सगळं पुन्हा डोक्यावर आलं होतं, आता एकटीच्या.

"दुखती," मी म्हटलं.

"लई?"

"लई."

"मग सांग की घरात. मोठ्यांदा सांग. माझ्यानं आता वरडवत न्हाई."

मी तिच्याकडं बघितलं. ती वाट बघत होती. मी खाटेवरून न उठता बाहेर हाक मारली, "आत्याबाई, माझी मान दुखतीया. मला डोक्यावरनं पानी आनवत न्हाई."

मग कांकणं वाजली. आत्याबाई दारात आल्या. कमरेत वाकलेली म्हातारी, पदराला तांदळाचा कोंडा लागलेला. त्या माझ्याकडं नाही, अक्काकडं बघत उभ्या राहिल्या. मग दाराआडची रिकामी घागर त्यांनी उचलली आणि अंगणातून निघून गेल्या.

मी उरलेली नखं काढली. कूस बदलून दिली. पाठीला तेल लावलं. झरा लांब होता आणि आत्याबाईंची चाल हळू. अक्काचे डोळे मिटले होते, मला वाटलं झोप लागली. पण अंगणात पावलं वाजली तशी ती म्हणाली, "आल्या का?"

"आल्या."

"डोक्यावर घेतलीया का काखंला?"

मी उठून दारातून बघितलं. म्हातारी घागर काखेत आवळून, एका अंगाला वाकून, हिंदकळणाऱ्या पाण्यानं लुगडं भिजवत पायरी चढत होती.

"काखंला," मी म्हटलं.

"मग असू दे," अक्का म्हणाली.